विक्रोळीच्या दवाखान्यातील मिस लिलियन

१५ ऑगस्ट ही तारीख आपणां भारतीय ख्रिस्ती लोकांसाठी दुहेरी आनंदाची असते. त्या दिवशी ख्रिस्तसभा पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण साजरा करते आणि देश आपला स्वातंत्र्यदिन. १९६८ सालच्या त्या दिवशी मुंबईच्या विक्रोळी उपनगरातील गोदरेज वसाहतीत एका अमेरिकन परिचारिकेने आपल्या वयाची ७० वर्षे पूर्ण केली. ही वृद्धा घरापासून हजारो मैल दूर होती, पगाराविना राबत होती आणि जवळच्या थोड्या पैशांत महिना कसाबसा भागवत होती. तिचा थोरला मुलगा भुईमुगाच्या शेंगांचा व्यापार सांभाळत होता आणि दोन वर्षांपूर्वीच राज्यपालपदाच्या उमेदवारीसाठी झालेल्या निवडणुकीत हरला होता. आणखी आठ वर्षांनी हाच मुलगा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून येईल, असे त्या दिवशी विक्रोळीत कोणी म्हटले असते तर ते थट्टेवारीच नेले गेले असते.

लिलियन कार्टर यांचे नाव पुढे जगाला ठाऊक झाले ते राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या आई म्हणून. परंतु त्यांच्या आयुष्यातील २१ महिने आपल्या महाराष्ट्राच्या मातीत गेले, ही गोष्ट आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असेल. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडे विस्ताराने सांगत आहोत.

बेसी लिलियन गॉर्डी यांचा जन्म १५ ऑगस्ट १८९८ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात, रिचलंड या लहानशा गावी झाला. वडील जिम जॅक गॉर्डी पोस्टमास्तर होते. मुलगी तरुणपणी त्यांच्याच कार्यालयात टपालाचे काम करू लागली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिने सैन्यातील परिचारिका होण्यासाठी नाव दिले, पण ती योजनाच रद्द झाली. तरीही शुश्रूषेची ओढ कायम राहिली. जवळच्या प्लेन्स या गावातील वाइज रुग्णालयात तिने प्रशिक्षण सुरू केले आणि १९२३ साली अटलांटा शहरातील ग्रेडी रुग्णालयात ते पूर्ण केले. त्याच वर्षी जेम्स अर्ल कार्टर या शेतकरी-व्यापाऱ्याशी तिचा विवाह झाला. पुढच्या वर्षी, १ ऑक्टोबर १९२४ रोजी, जिमीचा जन्म वाइज रुग्णालयातच झाला. अमेरिकेच्या इतिहासात रुग्णालयात जन्मलेले ते पहिले राष्ट्राध्यक्ष. त्यांच्यामागून ग्लोरिया, रूथ आणि बिली ही तीन भावंडे आली.

१९२८ साली हे कुटुंब प्लेन्सजवळच्या आर्चरी या वस्तीवर राहावयास गेले. वस्तीतील बहुतेक घरे कृष्णवर्णीय शेतमजुरांची होती. त्या काळच्या जॉर्जियाचे चित्र आपल्या वाचकांनी डोळ्यांसमोर आणावे, आणि ते आणणे आपल्याला मुळीच कठीण जाऊ नये. शाळा वेगळ्या, चर्च वेगळी, आगगाडीचे डबे वेगळे. कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्या माणसाच्या घरी जायचे ते मागील दाराने, आणि बोलायचे ते बाहेर उभे राहून. हा नियम कोठे लिहिलेला नव्हता, तरी तो मोडण्याची कोणाची छाती नव्हती. गावकुसाबाहेरची वस्ती, वेगळा पाणवठा आणि ओसरीच्या अलीकडे थांबलेली पावले हे ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे, त्याला त्या मागील दाराचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

लिलियनबाईंनी या नियमाविरुद्ध भाषणे केली नाहीत, मोर्चे काढले नाहीत. शेजारच्या कृष्णवर्णीयांच्या घरात कोणी आजारी पडले की त्या औषधांची पेटी उचलून जात. कधी बाळंतपण, कधी न्यूमोनिया, कधी शेतातील अपघात. अनेकदा त्यांना मोबदला मिळत नसे आणि त्या तो मागतही नसत. कामावरून परतण्यास उशीर होणार असला की मुलांसाठी सूचनांची चिठ्ठी घरातील एका लहान काळ्या मेजावर ठेवून जात. पुढे जिमी कार्टर गमतीने सांगत की, आपण भावंडे लहानपणी त्या मेजालाच आई समजत असू. विनोदाच्या आड लेकरांची थोडी तक्रारही दडलेली असावी. सेवेची किंमत घरच्यांनाही मोजावी लागते, हे मिशनकार्यातील कोणालाही ठाऊक आहे.

आर्चरीत आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल पंथाचे बिशप विल्यम डेकर जॉन्सन राहत. कृष्णवर्णीय समाजात त्यांचा मोठा मान होता. त्यांचा शिकलेला मुलगा सुटीत घरी आला की लिलियनबाईंना भेटावयास येई, तो थेट पुढील दाराने. बाई त्याला बैठकीच्या खोलीत बसवून गप्पा मारीत. अर्ल कार्टर यांना हे रुचत नसे. ते प्रामाणिक आणि कष्टाळू गृहस्थ होते, पण वर्णभेदाची रीत त्यांना नैसर्गिक वाटे. ते बायकोला अडवीत नसत, भांडतही नसत, घरातून बाहेर निघून जात. एकाच छपराखाली पती-पत्नींची ही दोन मते वर्षानुवर्षे नांदली, आणि मुले दोन्ही पाहत मोठी झाली.

१९५३ साली अर्ल कार्टर कर्करोगाने वारले. नुकतेच ते राज्याच्या विधानसभेवर निवडून आले होते. ती जागा घेण्याविषयी लिलियनबाईंना विचारण्यात आले, त्यांनी नकार दिला. नौदलात अधिकारी असलेला जिमी नोकरी सोडून शेती आणि व्यापार पाहण्यासाठी गावी परतला. चौपन्न वर्षांची विधवा आई आता काय करणार, असा प्रश्न होता. त्यांनी प्रथम ऑबर्न विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाची देखरेख स्वीकारली आणि तेथे काही वर्षे काढली, त्यानंतर ब्लेकली या गावी वृद्धांचे एक शुश्रूषागृह चालवले. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला आणि राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन दक्षिणेतील गोऱ्यांना शत्रूसारखे वाटू लागले. त्यांच्या प्रचाराचे स्थानिक कार्यालय चालवण्यास त्या भागात कोणी धजेना. ते लिलियनबाईंनी चालवले. गावातल्यांनी टोमणे मारले, त्यांच्या मोटारीची नासधूस केली. त्या कार्यालयात जात राहिल्या.

मग १९६६ साली त्यांनी दूरदर्शन संचावर 'पीस कोअर'ची जाहिरात पाहिली. हे शांतिदल राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी १९६१ साली स्थापन केले होते. केनेडी हे अमेरिकेचे पहिले कॅथलिक राष्ट्राध्यक्ष. तरुण अमेरिकनांनी गरीब देशांत जाऊन दोन वर्षे सेवा करावी, अशी त्यांची कल्पना होती. जाहिरातीत वयाची अट नसल्याचे म्हटले होते. बाईंनी अर्ज केला, तेव्हा त्या ६८ वर्षांच्या उंबरठ्यावर होत्या. मुले चकित झाली, पण कोणी अडवले नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी झाली, शिकागो विद्यापीठात तीन महिन्यांचे प्रशिक्षण झाले आणि वर्ष संपता संपता त्या भारतात आल्या.

तो काळ आठवावा. सलग दोन वर्षे देशात अवर्षण होते. पीएल ४८० कराराखालील अमेरिकन गव्हाची जहाजे मुंबई बंदराला लागत होती आणि रेशनच्या दुकानापुढे रांगा होत्या. अमेरिकेच्या मदतीमागे राजकारणही होते, हे नाकारता येत नाही. शीतयुद्धाच्या पटावर भारताला आपल्याकडे ओढण्याची ती खटपट होती आणि शांतिदलही त्या पटावरील एक प्यादे होते, असे मानणारे तेव्हा होते, आजही आहेत. त्यात तथ्य आहे. मात्र विक्रोळीच्या दवाखान्यात रोज उभे राहणाऱ्या वृद्ध परिचारिकेकडे पाहताना हे मोजमाप अपुरे पडते, असे आम्हांस वाटते.

विक्रोळीत गोदरेज उद्योगसमूहाने आपल्या कारखान्यांसोबत कामगारांची वसाहत उभारली होती. शाळा, दवाखाना, बागा असलेली ती नमुनेदार वसाहत होती, आणि तिच्या कुंपणाबाहेर तेवढेच दारिद्र्य होते. लिलियनबाईंची नेमणूक सुरुवातीस कुटुंबनियोजनाच्या कामावर झाली. त्या वेळच्या सरकारी धोरणात शस्त्रक्रियांवरही मोठा भर होता. या प्रश्नावर ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे हे वाचक जाणतात. पोप पॉल सहावे यांचे 'ह्युमाने व्हिते' हे परिपत्रक लिलियनबाई विक्रोळीत असतानाच, जुलै १९६८ मध्ये, प्रसिद्ध झाले. बाई बाप्टिस्ट पंथाच्या होत्या, तेव्हा त्यांच्यापुढे हा प्रश्न आपल्यासारखा नव्हता. तथापि या कामात त्यांचे मन रमले नाही. त्यांना रोग्याची शुश्रूषा करावयाची होती. अखेर त्या दवाखान्यात रुजू झाल्या आणि खऱ्या अर्थाने त्यांची सेवा तेथून सुरू झाली.

सुरुवातीचे महिने एकाकीपणाचे होते. घरची आठवण अनावर होई. त्या मुलांना पत्रे लिहीत. या पत्रांत त्यांचे मन जसेच्या तसे उतरले आहे: दारिद्र्य पाहून आलेला संताप, थकवा, स्वतःच्या हतबलतेची चीड, आणि मधूनच खट्याळ विनोद. संतचरित्रांत आढळणारा गोडवा त्यांत शोधू नये. मिस लिलियन, गावी त्यांना सारे याच नावाने ओळखत, पत्ते खेळणाऱ्या, थोडीशी व्हिस्की घेणाऱ्या, बेसबॉल आणि कुस्तीचे सामने आवडीने पाहणाऱ्या आणि मनात येईल ते तोंडावर बोलणाऱ्या बाई होत्या. चर्चमधील नेमस्त मंडळींना त्या फारशा पसंत पडत नसत.

पुढील दाराने शेजाऱ्याला आत घेणाऱ्या या बाईंनाही एक वेस ओलांडावयाची राहिली होती. एके दिवशी दवाखान्याच्या दाराशी कुष्ठरोगाने ग्रासलेली एक लहान मुलगी आली. अंगावरच्या जखमा ती झाकू पाहत होती. चाळीस वर्षांहून अधिक काळ परिचारिका असलेल्या लिलियनबाई तिला पाहून मागे सरल्या. कुष्ठरोगी त्यांनी पूर्वी कधी पाहिला नव्हता. डॉक्टरांनी बोलावल्यावर त्या पुढे झाल्या, कर्तव्य म्हणून त्यांनी त्या मुलीला हात लावला आणि नंतर आपले अंग घासून घासून धुतले. मुलगी उपचारांसाठी पुन्हा पुन्हा येत राहिली. हळूहळू भीती ओसरली. एक दिवस असा आला की बाईंनी तिला जवळ घेऊन तिचा मुका घेतला, आणि त्यानंतर हात धुण्याची गरज त्यांना वाटली नाही. जिमी कार्टर यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या कवितासंग्रहात या प्रसंगावर एक कविता आहे.

संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या चरित्रात असाच प्रसंग आहे. तरुण फ्रान्सिसला कुष्ठरोग्यांची किळस येत असे. वाटेत एक कुष्ठरोगी भेटला तेव्हा घोड्यावरून उतरून त्याचे चुंबन घेईपर्यंत त्याचे जुने आयुष्य संपले नव्हते. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात प्रभू येशू कुष्ठरोग्याला बरे करतो. तेथे लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी की तो आधी त्याला स्पर्श करतो, शुद्धी मागाहून होते. आपल्या महाराष्ट्रात बाबा आमटे यांनाही प्रथम कुष्ठरोग्याची भीतीच वाटली होती, आणि त्या भीतीची लाज वाटून ते या कार्याकडे वळले. आनंदवन त्यातून उभे राहिले. भीती वाटणे आणि तरीही परत जाणे, ही वाट या सर्वांना समान आहे.

आज कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार आहेत आणि वेळीच उपचार घेतल्यास रोगी पूर्ण बरा होतो. १९६७ साली तशी स्थिती नव्हती. डॅप्सोन हेच मुख्य औषध होते, ते वर्षानुवर्षे घ्यावे लागे. बहुविध उपचारांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली केली. २००५ च्या अखेरीस, दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हा निकष भारताने राष्ट्रीय पातळीवर गाठला. मात्र कुष्ठरोग देशातून गेलेला नाही, आणि आपल्या आदिवासी पट्ट्यात नवे रुग्ण आजही सापडतात. नर्मदेकाठचे मणिबेली घ्या. अक्कलकुवा तालुक्यातील हे गाव १९९३ साली सरदार सरोवराच्या पाण्यामुळे महाराष्ट्रात सर्वप्रथम बाधित झाले. फुगवट्याच्या काठी विखुरलेल्या अशा पाड्यांपर्यंत औषधे होडीतून न्यावी लागतात. तेथे कातडीवरचा बधिर चट्टा परिचारिकेला वेळेत दिसला तर बोटे वाचतात. विक्रोळीची कथा म्हणून आपल्या परिचारिका-भगिनींना जुनी वाटू नये.

१९६८ च्या सप्टेंबरमध्ये सेवेची मुदत संपवून लिलियनबाई मायदेशी परतल्या. प्रकृती खालावली होती, वजन उतरले होते. थोडी विश्रांती झाल्यावर त्या गावोगावी भारताविषयी व्याख्याने देत फिरू लागल्या. साठी उलटली की नातवंडे, जपमाळ आणि औषधांच्या वेळा एवढेच आपले जग, असे मानणारे ज्येष्ठ आपल्या धर्मग्रामांतही बरेच आहेत. या बाईंचे सर्वांत मोठे काम ६८ ते ७० या वयात झाले. शांतिदलातून सेवा केलेल्या ज्येष्ठ स्वयंसेवकांसाठी पुढे त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू झाला.

मुलाचे राजकीय आयुष्य याच सुमारास बहरले. जानेवारी १९७१ मध्ये जिमी कार्टर जॉर्जियाचे राज्यपाल झाले आणि पदग्रहणाच्या भाषणातच त्यांनी वर्णभेदाचा काळ संपल्याचे जाहीर केले. त्यांच्या राज्यात ते धाडसाचे बोलणे होते. पुढे अध्यक्षपदासाठी उभे राहण्याचा विचार त्यांनी आईला सांगितला तेव्हा, कशाचा अध्यक्ष, असे बाईंनी विचारल्याची आठवण कुटुंबात सांगितली जाई. २० जानेवारी १९७७ रोजी कार्टर यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. तीन आठवड्यांनी, ११ फेब्रुवारीला, भारताचे राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांचे निधन झाले. अंत्यविधीसाठी अमेरिकेच्या शिष्टमंडळासोबत कोणाला पाठवावे हे ठरवताना कार्टर यांना आईचीच आठवण झाली. दिल्लीचे शासकीय कर्तव्य आटोपून लिलियनबाई विक्रोळीस आल्या. पूर्वी ज्या रस्त्याने त्या एकट्या पायी जात, त्या रस्त्यावर लोकांची गर्दी उसळली होती. त्यांची भारतातील पत्रे त्याच वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

पुढच्या वर्षी त्यांना आणखी एका अंत्यविधीस जावे लागले. पोप जॉन पॉल पहिले केवळ ३३ दिवस पीठावर राहून २८ सप्टेंबर १९७८ रोजी देवाघरी गेले. अमेरिकेच्या वतीने लिलियनबाई रोमला गेल्या. ४ ऑक्टोबरला संत पेत्राच्या चौकात पाऊस पडत होता. जॉर्जियाच्या खेड्यातील एक बाप्टिस्ट वृद्धा हसऱ्या पोपच्या शवपेटीपुढे उभी होती. तो दिवस संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या सणाचा होता.

राष्ट्राध्यक्ष म्हणून कार्टर यांची कारकीर्द एकाच मुदतीची ठरली. १९७८ साली इजिप्त आणि इस्रायल यांच्यात कॅम्प डेव्हिड येथे घडवलेला समझोता हे त्यांचे मोठे यश. मात्र महागाई आणि तेहरानमधील ओलीस प्रकरण त्यांना भोवले आणि १९८० साली रोनाल्ड रेगन यांनी त्यांचा पराभव केला. पदावरून उतरल्यावर ते अधिक मोठे झाले, असे अनेक जण म्हणतात आणि ते खरे आहे. त्यांच्या केंद्राने १९८६ पासून नारूच्या निर्मूलनाचे काम हाती घेतले. नारू म्हणजे काय हे आपल्या जुन्या पिढीला सांगावयास नको, विहिरीच्या पाण्यातून येणारा आणि पायातून हातभर बाहेर निघणारा तो किडा. तेव्हा जगात अंदाजे ३५ लाख लोकांना तो होत असे. भारत २००० साली नारूमुक्त घोषित झाला, आणि जगातील रुग्ण अलीकडे वर्षाला मोजक्या आकड्यावर आले आहेत. २००२ साली कार्टर यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. २००६ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, ते लोणावळ्याजवळच्या पाटण गावी आले आणि गरिबांसाठी बांधल्या जाणाऱ्या घरांच्या भिंतींवर इतर स्वयंसेवकांबरोबर राबले. २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाची शंभरी पार करून, ते वारले. आईविषयी त्यांनी २००८ साली एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते.

लिलियनबाईंना स्तनाचा कर्करोग झाला होता. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांची धाकटी मुलगी रूथ, जी शुभवर्तमान प्रचारक म्हणून प्रसिद्ध होती, कर्करोगानेच वारली. आईने तो घाव अखेरच्या आजारात सोसला. पाच आठवड्यांनी, ३० ऑक्टोबर १९८३ रोजी, अमेरिकस येथील रुग्णालयात वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. प्लेन्सजवळच्या लेबनॉन दफनभूमीत, पती अर्ल यांच्या शेजारी, त्यांना मातीआड करण्यात आले.